सरकारी एकोणपन्नास

कुवेतमध्ये नवा आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात तीन गोष्टी शिकतो. सिव्हिल आयडीचं मशीन कुठं आहे, ताजी खुबूस रोटी कुठल्या किराण्याच्या बकाल्यात मिळते आणि सरकार तापमान चोरतं.

पहिल्या दोन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. तिसरी सांगायला माणूस आपणहून येतो. तो लिफ्टमध्ये भेटतो, गणपतीच्या आरतीला भेटतो, कोजागिरीला मसाला दुधाचा पेला हातात धरून भेटतो. आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "50 झालं की कायद्यानं सुट्टी द्यावी लागते. म्हणून हे लोक काटा 49वर धरून ठेवतात." एवढं बोलून इकडंतिकडं पाहतो. जणू खांबाआड हवामान खात्याचा हेर उभा आहे आणि त्याला मराठी येतं.

ही अफवा दुबईत आहे, दोह्यात आहे, रियाधमध्ये आहे. प्रत्येक ठिकाणी ती तिथल्याच सरकारबद्दल आहे आणि सांगणाऱ्याच्या चुलतभावानं ती खात्यातल्याच कुणाकडून ऐकलेली आहे.

आता चोरीचा पंचनामा. 21 जुलै 2016 रोजी कुवेतच्या वायव्येला मित्रिबा नावाच्या ओसाड ठाण्यावर पारा 54 अंशांपर्यंत गेला. सरकारनं तो दडवला नाही. जागतिक हवामान संघटनेच्या समितीनं उपकरण तपासलं, चुकीची शक्यता मोजली आणि जवळपास तीन वर्षांनी, 2019 साली, 53.9 हा आकडा पक्का केला. आशिया खंडात शास्त्रीय कसोटीला उतरलेलं ते सगळ्यांत जास्त तापमान. पुढं 22 जून 2021 रोजी दक्षिणेत सौदीच्या हद्दीवरच्या नुवैसीबला 53.2 झालं, तेही जाहीर. तापमान चोरणाऱ्या सरकारची ही पद्धत विचित्रच म्हणायची. चोर दवंडी पिटत फिरतोय.

आणि चोरायचं कशासाठी? कुवेतचा नियम अंशांवर चालतच नाही, घड्याळावर चालतो. 1 जून ते 31 ऑगस्ट, सकाळी 11 ते दुपारी 4, उघड्यावरचं काम बंद. बाहेर 42 असो की 52. काटा 49वर धरून कुणाचा एक दिनार वाचत नाही.

हे अफवा सांगणाऱ्या एका काकांना ऐकवून पाहिलं. काका हिरमुसले. क्षणभरच. मग म्हणाले, "ते कागदावर हो." कागदावर नियम आहे, म्हणजे तो खरा नाही. आणि जो नियम कुठल्याच कागदावर नाही, तो मात्र खरा.

याच काकांचं दुसरं मत असं की ग्लोबल वॉर्मिंग हे सगळं थोतांड आहे. वाळवंट आहे, ऊन असणारच, ह्या गोऱ्या शास्त्रज्ञांना अनुदानं लाटायची आहेत. म्हणजे सरकार ऊन कमी करून सांगतं आणि शास्त्रज्ञ वाढवून सांगतात. खरं तापमान सांगणारं जगात एकच यंत्र उरलं, ते काकांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर आहे.

त्या यंत्राची परीक्षा पाहायचा योग मे अखेरच्या एका शुक्रवारी आला. वफ्राला शेतावरची भाजी आणायला निघालो होतो. फहाहीलला उघड्या पार्किंगमध्ये गाडी सकाळपासून तापत पडलेली. चावी फिरवली, तर आकडा आला 55. काकांचा चेहरा उजळला. फोटो काढला, सांगली-मिरजेपासून सनीव्हेलपर्यंत पाच-सहा ग्रुपांवर टाकला, खाली ओळ लिहिली, "सरकारी आकडा 46. समजून घ्या." मग मिना अब्दुल्लाची रिफायनरी डावीकडं टाकून गाडी दक्षिणेला लागली. हायवेवर वेग आला तसा आकडा उतरू लागला. 52. 50. वफ्राच्या फाट्याला वळलो तेव्हा 47 होता. काकांनी स्क्रीनवर बोटानं टिचकी मारली. आकडा हलला नाही.

मागच्या सीटवरून काकांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, म्हणाल्या, "अहो, हाही फोटो टाका ना."

टाकला नाही.

गाडीचा सेन्सर पुढच्या बंपरपाशी, जाळीच्या मागं बसवलेला असतो. उभ्या गाडीत तो डांबराची धग आणि इंजिनाची ऊब मोजतो. गाडी पळू लागली की त्याला वारं लागतं आणि तो हवेच्या जवळपास येतो. हवामान खातं याच कारणासाठी तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर ठेवतं, ऊन लागू देत नाही आणि वारं अडवत नाही. उन्हात धरलेला तापमापक हवेचं तापमान सांगत नसतो, स्वतःचं सांगत असतो. 2019च्या जूनमध्ये "कुवेतमध्ये सावलीत 52.2, उन्हात 63" अशी बातमी आखाती वर्तमानपत्रांतून उठली आणि भारतातल्या वेबसाइटींनी सावली गाळून तेवढे 63 उचलले. त्या आठवड्यात गावाकडून फोन, "63 आहे म्हणे तिकडं, बरे आहात ना?" 52.2 हे कमी भयंकर होतं का? पण खऱ्या भयंकराला गिऱ्हाईक मिळत नाही, त्याच्यावर दहा अंश चढवावे लागतात. आणि चढवलेले दहा अंश उघडे पडले की त्यांच्याबरोबर खालचे 52.2 सुद्धा खोटे ठरतात. थोतांडवाल्यांचं अर्धं काम हे असं त्यांचे विरोधकच करून देतात.

वफ्रा म्हणजे कुवेतचा भाजीमळा. खाली खारट पाणी, वर प्लास्टिकचे बोगद्यासारखे पॉलिहाऊस. उपसा वाढत गेला तसा पाण्यातला खारटपणाही वाढत गेला. आम्ही थांबलो त्या मज़ऱ्यात, म्हणजे शेतमळ्यात, एका टोकाला पाणी झिरपणारे कूलिंग पॅड होते, दुसऱ्या टोकाला माणसाएवढाले पंखे. ओली हवा आत खेचायची, गरम हवा बाहेर फेकायची. आत काकडीच्या वेली सुतळीनं वर टांगलेल्या. पॅडशेजारी खिळ्याला एक तापमापक, त्याचे आकडे उन्हानं पुसट झालेले.

तिथला कामगार बिहारमधल्या सिवानचा. काकांनी त्याला गाठलं. "क्या भई, सरकार टेंपरेचर छुपाती है ना?"

त्यानं काकड्या क्रेटमध्ये रचता रचता उत्तर दिलं, "साहब, हम तो फूल देखते हैं. फूल झड़ने लगा तो समझो ज़्यादा हो गया."

काकांना यात षड्यंत्र सापडेना, म्हणून ते टोमॅटोकडं वळले. मी विचारलं, पंखा बंद पडला तर? तो म्हणाला, बिजली गेली होती एप्रिलमध्ये, तेव्हा आत उभं राहवत नव्हतं. खरं आहे. 2025च्या एप्रिलच्या सुरुवातीलाच वीज मंत्रालयानं ठरवून भार कमी केला, त्या यादीत औद्योगिक वसाहतींबरोबर वफ्रा, अब्दली आणि रौदतैन ही शेतीची गावं होती. आदल्या वर्षी, जून 2024मध्ये, शहरातल्या वस्त्यांवरही तासा-दोन तासांची पाळी आली होती. तेलावर तरंगणाऱ्या देशात लोडशेडिंग! आपल्या महावितरणला केवढा दिलासा. ऊन वाढलं, एसी वाढले, वीजघरं दुरुस्तीला काढलेली. कुवेती नागरिकाच्या घरी युनिटचा भाव 1966 सालापासून 2 फिल्स आहे, त्यामुळे दिवाणखान्यात कुणी नसतानाही एसी चालू असतो. पॉलिहाऊसचा पंखा मात्र यादीत पहिला.

शेतांच्या पलीकडं वफ्राचं दुसरं पीक आहे. ते जमिनीखाली आहे आणि त्याला फूल येत नाही. 1953 साली इथं तेल लागलं. ही सगळी पट्टी कुवेत आणि सौदीच्या सामायिक मालकीची, निम्मं निम्मं. इथलं काही तेल इतकं जाड की ते आपल्या पायानं वर येत नाही. म्हणून 2009 पासून शेव्हरॉन कंपनीनं जमिनीखाली वाफ सोडायचा मोठा प्रयोग केला. वर 50 अंश, आणि खालच्या तेलाला अजून ऊब हवी म्हणून वाफ. दमट मुंबईकरानंही हात टेकावेत.

या तेलक्षेत्राच्या इतिहासात प्रदूषण एकदम शून्यावर आणणारा एक सुवर्णकाळ होऊन गेला आहे, आणि पर्यावरणवाद्यांनी त्याची अजून दखल घेतलेली नाही. ऑक्टोबर 2014मध्ये याच पट्टीतलं समुद्रातलं खफजी क्षेत्र बंद झालं. सौदीनं दिलेलं कारण : हवेत सोडल्या जाणाऱ्या वायूंचे निकष पाळले जात नाहीत. मे 2015मध्ये वफ्राही बंद पडलं, तिथं परवाने आणि यंत्रसामग्रीची अडचण. दोन्ही मिळून दिवसाला 5 लाख पिंपांच्या आसपास तेल थांबलं. बाजारात एकाही माणसानं हवेचं कारण खरं मानलं नाही. दोन भावांचं वाटणीवरून बिनसलंय, हे पोराटोरांना कळत होतं. डिसेंबर 2019मध्ये समेट झाला, 2020मध्ये तेल पुन्हा वाहू लागलं आणि हवेच्या निकषांची आठवण कुणालाच राहिली नाही.

हवामानाच्या नावावर लोक विश्वास का ठेवत नाहीत, असा प्रश्न परिसंवादांतून विचारतात. अहो, नाव असं वापरल्यावर कसा ठेवतील? कुवेतनं 2022मध्ये जाहीर केलं की 2060पर्यंत आम्ही कार्बनचा हिशेब शून्यावर आणू. त्याच कुवेतचं दुसरं उद्दिष्ट आहे 2035पर्यंत तेल काढायची क्षमता दिवसाला 40 लाख पिंपांवर नेण्याचं. दोन्ही कागद एकाच देशाचे. काकांची शंका जर इथं बसली असती, तर मी त्यांच्याबरोबर कोजागिरीचं दूध दुसऱ्यांदा प्यायलो असतो. पण काकांची शंका तापमापकावर.

कुवेतच्या हवामानावरून जगात एक खरं मोठं भांडण झालेलं आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंना नावं आहेत. जानेवारी 1991. इराकी फौजा कुवेतमध्ये, भारतीयांना एअर इंडियानं आदल्या वर्षीच काढून आणलेलं. सद्दामनं तेलविहिरी पेटवल्या तर काय होईल, यावर अमेरिकन टीव्हीवर खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि वातावरणशास्त्रज्ञ फ्रेड सिंगर समोरासमोर बसले. सेगन म्हणाले, धूर उंच जाईल, सूर्य झाकेल, दक्षिण आशियातली शेती धोक्यात येईल. सिंगर म्हणाले, काही होणार नाही, धूर थोड्या दिवसांत खाली बसेल. विहिरी पेटल्या. 600हून जास्त. वफ्राच्याही पेटल्या. कुवेतमध्ये भरदुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागले, आखातावर धुराखाली तापमान काही अंशांनी उतरलं. नोव्हेंबरमध्ये शेवटची विहीर विझली. पण धूर काही किलोमीटरच्या वर गेला नाही, आणि भारतावर अंधार पडला नाही. सिंगर जिंकले.

सेगननी 1995 साली स्वतःच्या पुस्तकात लिहून टाकलं की माझा अंदाज चुकला. सिंगर यांनी त्या एका विजयावर पुढची जवळपास तीस वर्षं काढली. माणसामुळे पृथ्वी तापते यावर शंका घेणाऱ्यांचे ते म्होरके झाले; दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर घातक असतो यावरही त्यांची शंका होतीच. धूर या विषयात एकदा बरोबर आलेला माणूस.

पण 1991 सालीच, 15 जूनला, फिलिपिन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याची राख आणि गंधकाचा वायू 30 किलोमीटरच्या वर गेला, जिथं पाऊस पोचत नाही. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी 1992मध्ये छापून सांगितलं की पृथ्वी साधारण अर्धा अंश गार होईल आणि मग पुन्हा तापेल. तसंच झालं. म्हणजे एकाच वर्षी दोन धूर, दोन भाकितं. एक फसलं, एक साधलं. कुठल्या उंचीवर काय अडकतं हे त्यातून शास्त्राला नीट कळलं. काकांच्या ग्रुपवर यातलं फसलेलं तेवढं फिरतं.

फसलेल्याची यादी आणखी लांब आहे आणि ती लपवायचं कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामान समितीच्या 2007च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या 2035पर्यंत संपतील असं बेधडक वाक्य घुसलं. भारतातले भूशास्त्रज्ञ व्ही. के. रैना यांनी 2009मध्ये हिमनद्यांवर वेगळं सांगणारा अहवाल दिला, तेव्हा आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची जादूटोण्यात गणना केली. दोनच महिन्यांत, जानेवारी 2010मध्ये, आयपीसीसीला ते वाक्य चुकीचं असल्याचं मान्य करावं लागलं. वाक्य चुकीचं होतं, त्याहून चुकीचा होता तो तोरा. हिमनद्या वितळतच आहेत; पण तोऱ्यानं त्या वर्षी जेवढा विश्वास वितळवला तेवढा कुठल्या तेल कंपनीच्या जाहिरातीनं वितळवला नसेल.

तेल कंपन्यांचं तर उलटंच. एक्सॉनच्या शास्त्रज्ञांनी 1977 ते 2003 या काळात पृथ्वी किती तापेल याचे जे अंदाज घरातल्या घरात बांधले, ते पुढं बहुतांश बरोबर निघाले, असं 2023मध्ये सायन्स नियतकालिकातल्या अभ्यासानं दाखवलं. घरात बरोबर आकडा आणि बाहेर जाहीर शंका. याला म्हणतात तापमान चोरणं! काका, चोर तुम्हाला हवाच होता ना? हा घ्या. पण हा 49वर नव्हता हो थांबलेला.

आता आपल्या अंगणातलं. 30 मे 2024 रोजी नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश उमटले. नागपूरकराला आपल्या उन्हाचा अभिमान असतोच. त्या संध्याकाळी तो जगज्जेता झाला. आदल्याच दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूरला 52.9 दिसले होते. हवामान खात्यानं दोन्हीकडं सेन्सर तपासले. दिल्लीचा 3 अंश जास्त दाखवत होता, नागपूरचा आकडाही खात्यानं बाद केला. लगेच आरोळी : "बघा, दाबलं!" खात्यानं चूक दुरुस्त केली, तर तिचं नाव दडपणं. केली नसती, तर नाव अडाणीपणा.

बाद झालेला आणखी एक आकडा. लिबियात अल-अझिझिया नावाच्या गावी 13 सप्टेंबर 1922 रोजी 58 अंश नोंदले गेले. जगाचा विक्रम. शाळेच्या पुस्तकात तो आपण घोकलेला आहे. नव्वद वर्षांनी, 2012 साली, जागतिक हवामान संघटनेनं तो पुसला. त्यासाठी लिबियाच्या हवामान अधिकाऱ्यानं मूळ नोंदवही शोधून दिली. निष्कर्ष असा की त्या दिवशी नवखा माणूस ड्युटीवर होता आणि त्यानं तापमापकातल्या पट्टीचं चुकीचं टोक वाचलं. सात अंशांचा घोळ. म्हणजे पृथ्वी तापली असं दाखवायला टपलेल्या टोळीनं आपल्याच हातानं पृथ्वीचा सगळ्यांत तप्त आकडा खोडला! कटवाल्यांची ही बेशिस्त काकांच्या लक्षात आलेली दिसत नाही.

हवामान खात्यावर मराठी शेतकऱ्याचा राग आहे, आणि तो काकांच्या रागापेक्षा फार वेगळ्या जातीचा आहे. जुलै 2017मध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात चक्क हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज दिलात, आम्ही पेरलं, पाऊस गेला. तुम्ही बियाणं-औषधवाल्यांना सामील आहात. सामील असल्याचा आरोप बाजूला ठेवू. पण अंदाजावर विसंबून ज्याचं बियाणं मातीत गेलं, त्याला शंका घ्यायचा हक्क आहे. त्यानं किंमत मोजलेली आहे. पुण्याच्या सिमला ऑफिसातून निघालेला "सरासरीइतका" हा शब्द माजलगावच्या बांधावर पोचेपर्यंत त्याचा अर्थ काय उरतो, हे कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, म्हणून तो स्वतःचे अंदाज सांगणाऱ्या पंजाबराव डखांचा व्हिडिओ बघतो. डख त्याच्याशी त्याच्या बोलीत, तालुक्याचं नाव घेऊन बोलतात. अंदाज किती बरोबर येतात हा वाद शास्त्रज्ञ घालत बसले, तोवर गडी लोकसभेला उभा राहून आला.

बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटाभोवती धान्य, रात्रभर ठेवायचं, सकाळी कुठला दाणा कुठं हलला ते पाहून पाऊस, पिकं, राजकारण, सगळं सांगायचं. भेंडवळविरुद्ध कुणी पोलिसात गेल्याचं मी ऐकलेलं नाही. दाण्याला आपण माफ करतो. उपग्रहाला करत नाही.

कुवेतींचंही असं एक पंचांग आहे, पण ते जरा अभ्यासाचं. सालेह अल-उजैरी या खगोलशास्त्रज्ञाचं. ते 2022 साली, शंभरी ओलांडून गेले. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यात सुहैल तारा उगवला की उन्हाळ्याचं कंबरडं मोडलं, असं इथले जुने लोक मानतात. आपण त्याच ताऱ्याला अगस्ती म्हणतो आणि तो उगवला की पावसाळा सरत आला असं समजतो. तारा अजून वेळेवर उगवतो. उन्हाळा त्याचं पूर्वीइतकं ऐकत नाही.

आणि याच विषयावर परतीच्या वाटेवर काका स्वतः बोलले. सुहैलचं मीच काढलं होतं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्या लहानपणी मिरजेला मृगाला पाऊस म्हणजे पाऊस. सात जूनला छत्री घेऊनच शाळेत. आता कुठं राहिलं तसं? हवामानच फिरलंय सगळं."

मी वहिनींकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. "म्हणजे हवामान बदललंय?" वहिनींनी विचारलं.

"तर! काहीच्या काही बदललंय."

"मग क्लायमेट चेंज?"

"ते थोतांड."

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला आणि मला ते आता बरोबर वाटू लागलं आहे, निदान प्रामाणिक तरी. काकांना हवामान बदलल्याचं कळतं, कारण ते त्यांच्या अंगावरून गेलं. त्यांना नको आहे तो त्यामागून येणारा हिशेब. मृग हुकला याचं दुःख फुकट करता येतं. तो माणसामुळे हुकला असं मान्य केलं, की 2 फिल्सच्या विजेपासून वफ्राच्या ज्या तेलातून आपला पगार निघतो त्या तेलापर्यंत सगळ्यांना जाब विचारावा लागतो. शंका स्वस्त पडते. कार्बन डायऑक्साइडचा आणि तापमानाचा संबंध 1938 साली 147 ठिकाणच्या नोंदी जमवून मांडणारा गाय कॅलेंडर हा पेशानं वाफेचा इंजिनियर होता. त्या काळच्या हवामानतज्ज्ञांनीही त्याला असंच सभ्यपणे वाटेला लावलं होतं. त्यांचेही पगार कुठून तरी निघत असतील.

तर काकांच्या शंकेला लावायला एक काम आहे. कुवेतचे संशोधक बराक अल-अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या मृत्यूंच्या आणि कामावरच्या अपघातांच्या नोंदी तपासल्या आहेत. फार तापलेल्या दिवशी माणसं जास्त मरतात आणि त्यात परदेशातून कामाला आलेल्यांना धोका अधिक, हे एक. दुपारची कामबंदी चालू असलेल्या महिन्यांतही उन्हामुळे अपघात वाढतातच, हे दुसरं. हे आकडे कुणी लपवलेले नाहीत, छापलेले आहेत. ते मी कुठल्याही ग्रुपवर फिरताना पाहिले नाहीत. त्यात डॅशबोर्डचा फोटो नाही ना.

शेजारच्या कतारनं 2021 साली घड्याळाच्या नियमाला एका उपकरणाची जोड दिली. ऊन, दमटपणा आणि वारा मिळून जो आकडा येतो तो 32.1च्या वर गेला की दिवसाची कुठलीही वेळ असो, काम थांबवायचं. म्हणजे अफवेत जो नियम आहे, जवळपास तसाच नियम खरोखर करता येतो आणि शेजाऱ्यानं केला आहे. कुवेतमध्ये 1 सप्टेंबरला, पारा कुठंही असला तरी, सकाळी 11 ते दुपारी 4 पुन्हा काम सुरू होतं.

तेव्हा काका, 49चा मेसेज यंदाही येईल. तो पुढं ढकलण्याआधी एवढं करा. भारतीय दूतावासाच्या ओपन हाऊसमध्ये आपण पासपोर्टच्या आणि शाळेच्या प्रवेशांच्या तक्रारी घेऊन जातोच. त्या अर्जात खाली एक ओळ घाला : कतारसारखं मोजमाप कुवेतमध्येही लागू व्हावं, आणि त्यात वफ्राचे मज़रेही धरावेत. सही पहिली तुमची. दुसरी वहिनींची घ्या, त्या कधीपासून तयार आहेत.